बागेचं चित्रपुस्तक घेताना: गोष्टीचं की दिवसांचं?

चार ते सहा वर्षांच्या मुलांबरोबर घरी किंवा वर्गात पेरणी करायची आणि सोबतीला एकच चित्रपुस्तक घ्यायचं म्हटलं, की हातात बहुधा दोन तऱ्हेची पुस्तकं येतात. एकात बी हेच पात्र असतं. ते मातीत झोपतं, पाऊस त्याला उठवतो, मुंगी भेटते, शेवटी फूल उमलतं. दुसऱ्यात अशी गोष्ट नसते. एकच झाड आणि पानागणिक त्याचा पुढचा दिवस: पहिला, तिसरा, सहावा. अर्धं चित्र मातीच्या वर, अर्धं मातीखाली. मी पहिल्याला गोष्टीचं आणि दुसऱ्याला दिवसांचं पुस्तक म्हणतो.

नुसतं वाचून दाखवायचं असेल तर गोष्टीचं पुस्तक सरस, यात वाद नाही. मांडीवर बसून 'पुन्हा वाच' असा हट्ट होतो तो त्याचाच. रुजणं, कोंब, कळी, देठ हे शब्द चार वेळा ऐकून तोंडात बसतात. दिवसांचं पुस्तक शेजारी कुंडी नसेल तर पाच मिनिटांत संपतं आणि कपाटात जातं. मूल जेमतेम तीन वर्षांचं असेल, किंवा घरात पेरायला जागाच नसेल, तर पुढचं वाचण्याआधीच गोष्टीचं पुस्तक घ्यावं.

पेरणी खरोखर होणार असेल तर मात्र गोष्टीच्या पुस्तकातली एक अडचण फार नडते. त्यात डाव्या पानावर बी पेरलं जातं आणि उजव्या पानावर कोंब येतो. मुलाच्या लेखी मधे एक झोप झालेली असते. त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी ते कुंडीपाशी जातं, काहीच दिसत नाही आणि बोट मातीत जातं. बी सापडतं, हातात घेऊन पाहिलं जातं, परत पुरलं जातं. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बियातून आधी मूळ बाहेर पडतं, कोंब नंतर. तिसऱ्या-चौथ्या दिवशी उकरलं की नेमकं त्या पांढऱ्या मुळाचं टोक मोडतं. बी परत लावलं तरी ते बहुतेक वेळा सडतं आणि वर्गातल्या निम्म्या कुंड्या रिकाम्या राहतात. 'उकरू नका' हे कितीही वेळा सांगा, उपयोग होत नाही, कारण मुलाला मातीखाली काय चाललंय ते कुणी दाखवलेलंच नसतं.

दिवसांचं पुस्तक हेच दाखवतं, म्हणून माझा कल त्याच्याकडे झुकतो. ते सलग वाचायचं नाही. आजचं पान उघडायचं, कपड्यांचा चिमटा लावून उभं ठेवायचं आणि कुंडीशेजारी ठेवायचं. उद्या चित्रातलं मूळ थोडं लांब झालेलं दिसतं. कुंडीत वर काही नसलं तरी आत काय चाललंय याचं उत्तर मुलाला मिळतं आणि बोट आपोआप मागे येतं.

जोडीला एक काचेचा ग्लास ठेवावाच. आत टिपकागद गोल बसवा, मधल्या पोकळीत ओला कापूस भरा, आणि रात्रभर भिजवलेले राजम्याचे तीन-चार दाणे काच आणि कागद यांच्या मधे, साधारण निम्म्या उंचीवर सरकवा. तळाला बोटभर पाणी पुरे. दाणे पाण्यात बुडाले तर त्यांना हवा मिळत नाही, दोन दिवसांत वास सुटतो. एक दाणा मुद्दाम उलटा लावा. त्याचं मूळ वर निघून वळण घेतं आणि खालीच जातं. मुलं हे बराच वेळ पाहत बसतात. मूळ तीन-चार दिवसांत आणि वाकलेला कोंब साधारण आठवड्यात दिसतो. थंडीत दोन-तीन दिवस जास्त धरा.

विकत घेताना कोंबाचं पान आधी उघडून पाहा. पुष्कळ चित्रकार सगळ्याच झाडांना तोच एक कोंब काढतात: हिरवा देठ, वर दोन गोल पानं. राजमा किंवा मूग असेल तर दाण्याच्या दोन जाड फाका कोंबाबरोबर वर येतात, त्या चित्रात दिसायला हव्यात. हरभरा आणि वाटाणा यांच्या फाका मातीतच राहतात. मक्याचा कोंब तर एकाच गुंडाळलेल्या पानाचा, सुईसारखा. चित्र चुकलं की मूल पुस्तकाला नाही, स्वतःला चुकीचं समजतं. 'माझं झाड बिघडलं' हे वाक्य त्यातूनच येतं. ही चूक दोन्ही प्रकारांत सापडते, पण दिवसांच्या पुस्तकांत कमी.

झाड कुठलं, यालाही महत्त्व आहे. पुष्कळ पुस्तकं टोमॅटो घेतात, कारण लाल फळ चित्रात छान दिसतं. पण बियापासून फळ हातात यायला तीनेक महिने लागतात आणि तोवर मुलाचा जीव त्यातून उठलेला असतो. मेथीचं पुस्तक मिळालं तर सोडू नका. तीन-चार दिवसांत उगवते, तीन-चार आठवड्यांत खुडून थालीपिठात घालता येते. धने रगडून दोन फाळी करून पेरले तरी आठ-दहा दिवस घेतात, तेवढा धीर चार वर्षांच्या मुलाकडे नसतो. जुलैच्या झडीत मेथी सडते, म्हणून कुंडी आडोशाला ठेवा, पागोळ्यांखाली नको.

पाण्याबद्दल दोन्ही पुस्तकं मोघम बोलतात: 'रोज पाणी घाला.' मुलं लोटाभर ओततात, चार दिवसांत रोपं बुडाशी बारीक होऊन आडवी पडतात. ही मर बुरशीमुळे येते. कुंडी म्हणून दह्याचा रिकामा डबा घ्या, त्याला तळाशी चार भोकं पाडा आणि पाणी खोकल्याच्या औषधाच्या 10 मिलिच्या झाकणाने मोजा. दिवसाला दोन झाकणं. बोटाला माती ओली लागली तर तेवढंही नको. हे पुस्तकातल्या 'रोज पाणी घाला'च्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवलं तर बरं.

बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी-कोसबाडला पानं, बिया, शिंपले यांचीच शिकवायची साधनं केली होती. त्या अंगाने पाहिलं तर दिवसांचं पुस्तक घरीही बनतं: दहा कोरे कागद, आणि रोज ग्लासकडे बघून मुलाने काढलेलं चित्र. गोष्टीचं पुस्तक आधीच घरात असेल तर तेही फुकट जात नाही. प्रथम बुक्स या प्रकाशनाच्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर खुल्या परवान्याच्या मराठी गोष्टी मोफत मिळतात, त्या छापून पेरणी आणि कोंब यांच्या मधे कोरी पानं घालता येतात.

मी गोष्ट वाचायची ती राजमा वर आल्यावर. तोवर मुलांनी ग्लासातले दिवस मोजलेले असतात. कोंबाचं पान उलटलं की ती हात धरून थांबवतात: 'मधले सहा दिवस राहिले!'