गिरणीतली पेज फर्मास, मागचे दालन टाळा

गोव्यातल्या बार्देशात, खाजनालगतच्या (खाऱ्या पाण्याला बांध घालून केलेल्या शेतजमिनीलगतच्या) या जुन्या भातगिरणीत आता खानावळ आहे. पाटीवरचे नवे नाव कोणी घेत नाही. ‘गिरणीकडे’ म्हटले की वाट सांगतात. हलर, म्हणजे भात कांडायचे यंत्र, फक्त शनिवारी सकाळी चालतो, तेव्हाच जावे.

पान वाढायच्या आधी वर पाहावे. जांभ्या चिऱ्यांच्या भिंती, छप्पर पेलणाऱ्या लाकडी कैच्या, मंगळुरी कौले. आजूबाजूची घरे बैठी, मग हीच इमारत एवढी उंच का? एका इंजिनावर भाताचा हलर, पिठाची चक्की आणि मसाल्याची चक्की चालायची. तिघांना फिरवणारा एकच शाफ्ट, म्हणजे फिरता दांडा, वर आडवा, त्यावरून सपाट पट्टे खाली. पट्टा आखूड असला तर लहान पुलीला (पट्टा ज्यावर फिरतो त्या चाकाला) पुरेसा वेढा बसत नाही आणि तो घसरतो. म्हणून शाफ्ट उंच आणि आढे त्याहून वर. पावसाळी हवेत तरीही घसरायचाच. मग राळ लावायची.

बंद पुलीवरून हात फिरवून पाहा, मधोमध किंचित फुगीर लागेल. त्या फुगवट्यामुळे पट्टा आपोआप मध्यावर येतो. शाफ्ट तिरका झाला तर मात्र फुगवटाही त्याला धरून ठेवत नाही. इंजिनाचा चौथरा भिंतीपासून सुटा ठेवलाय तो त्यासाठीच. हादरे भिंतीत शिरले की चिऱ्यांचे सांधे सैल होतात, शाफ्टचे ब्रॅकेट हलतात. चौथऱ्यावर आता बिलाचे टेबल आहे. पायाचे बोल्ट कापले नाहीत, हे शहाणपण.

मागच्या दालनात ते कमी पडले. गिरणी बंद पडून गोदाम झाले तेव्हा झरोके बुजवले आणि भिंतींना सिमेंटचा गिलावा केला. खानावळीने त्यावर एसीसाठी जिप्समचे छत ठोकले. झरोके आणि आढ्याजवळची फट ही गिरणीची नाके होती. गरम हवा आणि कोंड्याची धूळ तिथून जायची. आता खालची ओल खालीच राहते. चिरा सच्छिद्र, पाणी पितो. सिमेंट ते बाहेर सोडत नाही. म्हणून कमरेइतक्या उंचीपर्यंत गिलावा फुगलाय, पांढरे क्षार उठलेत. त्यावर दरवर्षी रंग मारणे म्हणजे पैसे पाण्यात. गिलावा खरवडून एक भाग चुना, तीन भाग वाळू असा नवा करायला हवा. छताचा दोष आणखी वाईट: कौल फुटले तरी खालून दिसत नाही, कौलांखालची लाकडी रीप कुजल्यावरच कळते.

पेज मात्र वाखाणण्याजोगी. तांदूळ इथलाच कांडलेला, उकडा. हलरमध्ये दाणा लोखंडी रोटर आणि जाळी यांच्यामध्ये घासला जातो. सुरय, म्हणजे न उकडलेले, भात त्यात टाकले तर कणीच फार पडते. उकडताना दाण्यातला स्टार्च फुगून बारीक भेगा सांधल्या जातात, म्हणून उकडे भात हा मार सोसते. तरीही १०० किलो भातामागे साधारण ६० ते ६५ किलो तांदूळ धरावा. भात १४ टक्क्यांपेक्षा ओले असेल तर दाणा चेपतो. दाताखाली कट्टकन तुटले पाहिजे. इथे हलरचे पाते थोडे सैल ठेवतात, त्यामुळे लाल कोंडा दाण्यावर राहतो आणि पेजेला दाटपणा येतो. सोबत मिस्कुट (कैरीचे लोणचे) मागावे. हुमण (माशांची आमटी) ठीकठाक, तोंडाकात (कडधान्याच्या रश्श्यात) नारळ हात राखून.

तांदूळ विकतही मिळतो. कोंड्यात तेल असते, ते लवकर खवट होते; महिन्याला पुरेल एवढाच घ्यावा आणि कोणत्या शनिवारी कांडला ते विचारावे. बसायला पुढच्या दालनातले शाफ्टखालचे टेबल मागा. ते भरलेले असेल तर पडवीत थांबा, पण मागे जाऊ नका.