अंगणमंचावरील आगामी प्रयोगांविषयी

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात १९८७ साली सुरू झालेल्या ललित कला केंद्राच्या विद्यार्थ्यांचे नाट्य आणि नृत्यप्रयोग पुन्हा होतील, तेव्हा शक्यतो अंगणमंचावरचा प्रयोग निवडावा, असे मी आग्रहाने सुचवीन. उघड्या आभाळाखालच्या या छोट्या मंचाजवळ बसले, की कथकची विद्यार्थिनी आधी हाताने ताल धरत पढंत करते, म्हणजे बोल तोंडाने म्हणते, आणि मग तेच बोल पायांतून काढत, तिहाईच्या (तीनदा म्हटल्या जाणाऱ्या बोलांच्या) शेवटच्या ‘धा’ला तीनतालाच्या सोळा मात्रा ओलांडून नेमकी समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येते, तेव्हा तिच्या चेहऱ्यावरचा सुटकेचा भावही (तो अभ्यासक्रमात नसावा) स्पष्ट दिसतो. नाटकांत सफाईपेक्षा धाडस अधिक असते आणि मला तेच अधिक भावते. संध्याकाळी गारवा असतो. शाल सोबत ठेवावी.