ऊर्जा अर्थशास्त्रात पीएचडी: गोरेगाव की पवई?

दोन्ही संस्था मुंबईतच, पण वाटा वेगळ्या. गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था रिझर्व्ह बँकेने १९८७ मध्ये उभारली. तिथे आधी सूक्ष्म-स्थूल अर्थशास्त्र आणि अर्थमिती (आकडेवारीवरून आर्थिक प्रश्न तपासायची पद्धत) पक्की करून घेतात, मग प्रबंधाचा विषय. २००६ च्या एकात्मिक ऊर्जा धोरण समितीचे अध्यक्ष किरीट पारीख हे याच संस्थेचे संस्थापक संचालक. कृषिपंपांच्या स्वस्त विजेचा भार शेवटी कुणाच्या बिलात येतो, हा प्रश्न तुम्हाला छळत असेल तर इथेच जा.

पवईच्या आयआयटीत ऊर्जा विज्ञान व अभियांत्रिकी विभाग आहे, शिवाय धोरण अभ्यासाचं केंद्रही. सौर फीडर (शेतीला सौर वीज पुरवणारी वाहिनी), बॅटरी, ग्रिड जवळून कळतात. इंजिनिअरला हे सोयीचं. तरी माझा कल गोरेगावकडे. अर्थमिती मागाहून एकट्याने शिकणं फार जड जातं.