माजी सैनिकासाठी प्रशिक्षित श्वान की घरचा कुत्रा?

सातारा जिल्ह्यातील अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात जवळजवळ प्रत्येक घराने सैन्याला माणूस दिला आहे. तिथल्या निवृत्त जवानाला रणांगणातील आघात रात्री छळत असेल, तर कुत्र्याची सोबत कोणत्या स्वरूपात घ्यावी, हा प्रश्न गैरलागू नाही.

प्रशिक्षित सेवा-श्वान दुःस्वप्नात तळमळणाऱ्या धन्याला जागे करतो, गर्दीत त्याच्या पाठीशी उभा राहून मागून कोणी अगदी जवळ येऊ देत नाही आणि घबराट वाढली की अंगावर भार टाकून त्याला भानावर आणतो. मात्र या तयारीस दीड-दोन वर्षेही लागू शकतात आणि खर्च मोठा असतो. अमेरिकेत 2021 साली माजी सैनिकांसाठीच्या अशा श्वानांसंबंधी कायदा झाला.

दारातला कुत्रा यातले काही शिकलेला नसतो. तरी पहाटे फिरायला नेण्याची आणि वेळेवर भाकरी घालण्याची सक्ती माणसाला अंथरुणातून उठवते, हेही थोडके नव्हे. अमेरिकी माजी सैनिकांच्या तुलनात्मक अभ्यासात केवळ भावनिक आधार देणाऱ्या कुत्र्यांमुळेही लक्षणे घटली. सेवा-श्वानांमुळे थोडी अधिक. माझा कल, उपचार चालू ठेवून, आधी घरच्या कुत्र्याकडे आहे. झोपच उडालेली असेल, तर मात्र प्रशिक्षित श्वानाचा विचार करावा.