ड्रमची उभी पवनचक्की: उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंतचा अनुभव

पाटोद्याकडच्या माळावर, आमच्या वस्तीशेजारी ही चक्की उन्हाळ्यात उभी केली. वाऱ्याला इथं तोटा नाही. बालाघाटावर मोठ्या पवनचक्क्या उगाच नाहीत आल्या. पण त्यांना उंचावरचा सरळ वारा मिळतो. जमिनीलगत बाभळीला, पत्र्याला अडून तो कुठूनही येतो, म्हणून उभा आस घेतला. तोंड फिरवायची भानगडच नाही.

रचना सॅव्होनियसची, म्हणजे अर्ध्या ड्रमांची पाती उभ्या आसाभोवती फिरतात अशी. २०० लिटरचे दोन ड्रम उभे चिरून दोन मजले केले, वरचा खालच्याशी काटकोनात, म्हणजे कशीही थांबलेली असली तरी साध्या झुळकेवर सुटते. ड्रम खाद्यतेलाचेच घ्या आणि धुतल्याशिवाय गॅस कटर लावू नका. आत वाफ राहिली तर स्फोट होतो. खाली जुन्या मारुती ८०० च्या चाकाचा हब, डिस्क ब्रेकसकट. वर दुसरं बेअरिंग, चौकट अँगलची, चारी बाजूंनी तारांचे ताण.

आता वीज किती? व्हिडिओंत अशी चक्की ‘५०० वॅट’ देते म्हणतात, त्यावर जाऊ नका. ताशी ३६ किलोमीटर वाऱ्यात या आकाराच्या चक्कीवर साधारण १००० वॅटचा वारा आदळतो. त्यातला १५ टक्के पकडला तरी डोक्यावरून पाणी, आणि बॅटरीत पोचतात ८०-९०. वारा निम्मा झाला की वीज आठवा हिस्सा, म्हणजे दहाएक वॅट. फेरे मिनिटाला दोनशेच्या आतच, त्यामुळं गाडीचा अल्टरनेटर इथं कामाचा नाही. नियोडिमियम चुंबकांच्या चकत्या आणि हातानं गुंडाळलेल्या कॉइल लागतात. निम्मा खर्च तिथंच जातो.

हाच आठपटीचा हिशोब जोराच्या वाऱ्यात उलटा अंगावर येतो. वारा दुप्पट झाला की वाऱ्यातली शक्ती आठपट, आणि छोटा जनरेटर तो धरू शकत नाही. आडव्या आसाच्या चक्कीला शेपूट दुमडून वाऱ्यातून बाजूला होता येतं, हिला ती सोय नाही. जनरेटरच्या तिन्ही फेजच्या तारा एकमेकींना जोडून शॉर्ट केल्या की ती मंदावते, पण भर वादळात तसं केलं तर कॉइल जळतात. म्हणून वळवाचं आभाळ भरलं की आधीच डिस्क ब्रेक ओढून कुलूप लावायचं. थांबलेली चक्कीही वारा खातेच. औरंगाबादसाठी (आताचं छत्रपती संभाजीनगर) भारतीय मानकात वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरलाय. त्या वेगाला एवढ्या ड्रमांवर दीडशे किलोच्या पुढं रेटा येतो. ताण आणि पाया त्या हिशोबानं करा, ड्रमच्या वजनावर जाऊ नका.

सोलरचा कंट्रोलर हिला जोडू नका. बॅटरी भरली की तो सर्किट तोडतो आणि चक्की मोकाट सुटते. जादा वीज दुसरीकडं वळवणाराच हवा. आमची पाण्याच्या डब्यातल्या कॉइलमध्ये जाते.

आषाढ-श्रावणात तिनं चांगलं काम केलं. ढगामुळं सोलर झोपलेलं, फीडर सारखा बसलेला, तरी रात्रभर वस्तीवर दोन बल्ब आणि मोबाईल चालले. दसऱ्यानंतर वारा पडला तशी नुसती शोभेला उभी आहे. वरच्या बेअरिंगमध्ये धूळ जाऊन कुरकुर सुरू झाली होती, रबरी सील घातल्यावर थांबली. पत्र्यावर बसवायचा विचार करत असाल तर करू नका, थरथर घरात उतरते.

येणारा-जाणारा हमखास विचारतो, विहिरीची मोटार चालेल का? पाच एचपी म्हणजे ३७०० वॅट. तेवढ्यासाठी अशा चाळीसेक चक्क्या लागतील, आणि त्याही आषाढातच फिरणार.