रीपर वापरून वर्ष होत आलं: आवाज तुटण्यावर काय लागू पडलं

पाचोऱ्याला घरातल्याच एका खोलीत मी अहिराणी गाणी रेकॉर्ड करते. लग्नाची गाणी, श्रावणाआधी कानबाईची (आमच्या खान्देशातल्या देवीची) गाणी, मधूनच एखादं भजनी मंडळ. गेल्या पावसाळ्यापासून हे सगळं काम रीपर या रेकॉर्डिंग-मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरवर चाललंय. साधा आय-फाइव्ह लॅपटॉप, १६ जीबी रॅम आणि दोन माइक लागतील असा यूएसबी ऑडिओ इंटरफेस, एवढंच सामान. सॉफ्टवेअरबद्दल सांगण्यासारखं बरंच आहे, पण भर एकाच गोष्टीवर देते: वाजता वाजता आवाज तुटणं, चरचर येणं आणि ओव्हरलोड. या त्रासाला कंटाळून आमच्याकडे लोक सरळ नव्या लॅपटॉपच्या मागे लागतात. ऐंशी हजार घालण्याआधी हे वाचा, एवढीच कळकळीची विनंती.

आधी टास्क मॅनेजरकडे बघणं सोडा. तिथे सीपीयू ३० टक्के दिसतो आणि इकडे ढोलकीचा ठेका मध्येच गायब होतो. ऑडिओला सरासरीशी देणंघेणं नाही, त्याला प्रत्येक तुकडा वेळेवर लागतो. बफर म्हणजे त्या एका तुकड्याचा आकार. ४८ किलोहर्ट्झवर (सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने, म्हणजे सॅम्पल) बफर २५६ सॅम्पलचा असेल तर दर ५.३ मिलिसेकंदाला पुढचा तुकडा तयार हवा. १२८ केला तर २.७ मिलिसेकंद, १०२४ केला तर २१. हजार तुकडे वेळेत आले आणि एकाला उशीर झाला, तरी कानाला खट्ट लागतंच. त्यात एकाच ट्रॅकवर ओळीने प्लगइन (आवाजावर प्रक्रिया करणारे छोटे प्रोग्राम) लावले की पुढच्याला मागच्याचं काम होईपर्यंत थांबावं लागतं. ती सगळी रांग एकाच कोअरच्या डोक्यावर येते, बाकीचे कोअर रिकामे.

इथेच रीपर मला आवडला. व्ह्यू मेनूत परफॉर्मन्स मीटर आहे. तो उघडला की कोणता ट्रॅक किती सीपीयू खातोय ते वेगवेगळं दिसतं, आणि ‘आरटी लाँगेस्ट ब्लॉक’ म्हणून एक आकडा दिसतो. म्हणजे सगळ्यात उशिरा तयार झालेल्या तुकड्याला किती वेळ लागला आणि मुदत किती होती. ५.३ पैकी १.५ असेल तर निर्धास्त राहा. ४.८ झालं की समजा, आज ना उद्या तुटणार. माझ्या एका लग्नगीतात खरा गुन्हेगार मास्टरवरचा (सगळे ट्रॅक एकत्र येतात तिथला) एक जड रिव्हर्ब, म्हणजे घुमारा देणारा प्लगइन, निघाला. तो वेगळ्या ट्रॅकवर घेऊन सगळ्यांना सेंडने (प्रत्येक ट्रॅकचा आवाज त्याच्याकडे वळवून) दिला, तर आकडा निम्म्यावर आला. कोरसचे ट्रॅक फ्रीझ केले, म्हणजे प्लगइनसकट तयार झालेला आवाज फाइलमध्ये साठवून घेतला. ही सोय सोपी आहे, आणि हवं तेव्हा अनफ्रीझ करून पुन्हा बदल करता येतात.

पण कधी कधी मीटर शांत असतो आणि तरीही चरचर येते. मग दोष गाण्याच्या प्रोजेक्टमध्ये नसतो, विंडोजच्या पोटात असतो. त्यासाठी लेटन्सीमॉन नावाचं छोटं सॉफ्टवेअर चालवा. कोणता ड्रायव्हर प्रोसेसरला अडवून धरतोय ते तो सांगतो. माझ्याकडे वायफायचा होता. रेकॉर्डिंगच्या वेळी वायफाय आणि ब्लूटूथ बंद करते, तेवढ्याने तो प्रश्न मिटला. इंटरफेस हबमध्ये न लावता थेट लॅपटॉपला लावा, पॉवर प्लॅनमध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद ठेवा. आणि चार्जर! हमिंग जावं म्हणून काही जण चार्जर काढून रेकॉर्डिंग करतात. बॅटरीवर गेला की लॅपटॉप स्वतःचा वेग उतरवतो आणि ओव्हरलोड सुरू होतो. हमिंगचा बंदोबस्त अर्थिंगकडून करा.

आता खास आपल्या खान्देशचं दुखणं. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ पर्यंत जातो. कूलर चालू ठेवला तर त्याची घरघर माइकमध्ये येते, म्हणून टेकच्या (प्रत्यक्ष रेकॉर्डिंगच्या) वेळी कूलर बंद. म्हणजे गाण्यासाठी आलेली जिजी नेमकी गायला लागते तेव्हाच खोली तापते, लॅपटॉप तापतो आणि स्वतःला वाचवायला प्रोसेसर वेग कमी करतो. दुसऱ्या कडव्याला आवाज तुटतो. सत्तरीची बाई हेडफोन काढून विचारते, “काय व्हयनं वं माय, आखो म्हनू का?” त्या म्हणण्यात जो जीव होता तो दुसऱ्या टेकमध्ये तसाच येईल याची खात्री नसते, म्हणून मला या विषयाची एवढी तळमळ आहे. मिक्सिंग करताना तुटलं तर बिघडत नाही, ऑफलाइन रेंडर केलेली (वेळेच्या बंधनाशिवाय तयार केलेली) फाइल स्वच्छच निघते. रेकॉर्ड होताना तुटलेलं मात्र भरून येत नाही.

यावर लागू पडलेला उपाय असा: पॉवर प्लॅनच्या अॅडव्हान्स सेटिंगमध्ये ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’ १०० वरून ९९ टक्के केलं. त्याने टर्बो बूस्ट (प्रोसेसरचा वेग तात्पुरता वाढवण्याची सोय) बंद होतो. कमाल वेग कमी होतो, पण तो स्थिर राहतो आणि लॅपटॉप बराच कमी तापतो. ऑडिओला धावून दम लागणाऱ्या बैलापेक्षा एका चालीचा बैल बरा. शिवाय लॅपटॉप गादीवर न ठेवता फळीवर, खालून हवा लागेल असा ठेवते, आणि उन्हाळ्यात गायनाचं काम सकाळी नऊच्या आत उरकते.

बफरबद्दलही एक गैरसमज फार पसरलाय. गायकाला आवाज उशिरा ऐकू येऊ नये म्हणून लोक ६४ वर ठेवतात आणि मग हैराण होतात. इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरिंगचं बटण असेल तर गायकाचा आवाज कॉम्प्युटरमधून न फिरता थेट हेडफोनमध्ये येतो. मग बफर ५१२ ठेवा, काहीही फरक पडत नाही. कमी बफर लागतो तो मिडी कीबोर्डवर (त्याचा आवाज कॉम्प्युटरच तयार करतो) पेटी-सिंथ वाजवताना. आणखी एक: रीपर वाजणाऱ्या ट्रॅकचं बरंचसं काम आधीच करून ठेवतो, पण रेकॉर्डसाठी आर्म (तयार) करून मॉनिटर केलेल्या (रीपरमधून थेट ऐकत असलेल्या) ट्रॅकचं त्याला जागच्या जागीच करावं लागतं. म्हणून लागेल तेवढाच ट्रॅक आर्म करा.

उणिवा आहेतच. सोबत वाद्यांचे आवाज जवळजवळ मिळतच नाहीत. ढोलकी, संबळ, पावरी सगळं स्वतः रेकॉर्ड करा नाहीतर बाहेरून घ्या. प्रेफरन्सेसची खिडकी म्हणजे जंगल आहे, नवख्याला घाबरवते. दिसायलाही रुक्ष. पण सोबत येणारे ईक्यू आणि कंप्रेसर (आवाजाचा पोत आणि चढउतार सावरणारे प्लगइन) इतके हलके आहेत की जुन्या लॅपटॉपवरही वीसेक ट्रॅकवर आरामात चालतात. ६० दिवस पूर्ण सॉफ्टवेअर वापरून बघता येतं, आणि माझ्यासारख्या छोट्या कामासाठीचं लायसन्स ६० डॉलरचं आहे. मी ते घेतलंय. लॅपटॉप जुनाच आहे, कानबाईच्या गाण्यांचं काम यंदाही त्याच्यावरच होणार आहे.