ऑरगॅनिक मॅप्स: डबेवाल्याचा वर्षभराचा अनुभव (रत्नागिरी)

मी रत्नागिरीत स्कूटीवरून जेवणाचे डबे पोचवतो, वर्षभर हेच ॲप वापरतोय. फुकट आहे, जाहिराती नाहीत, नकाशा एकदा डाऊनलोड केला की रेंज नसली तरी चालतं, पावसात टॉवर झोपला की याची किंमत कळते. पण मला सगळ्यात आवडलं ते पाखाडीसाठी, म्हणजे घरांमधून जाणाऱ्या चिंचोळ्या पायवाटेसाठी. नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा, म्हणजे तुमच्याआमच्यासारख्यांनीच काढलेला, त्यामुळे कुणी पाखाडी टाकली असेल तर ती दिसते आणि चालत जायचं असेल तर तिथून वाट दाखवतं.

मागच्या महिन्यात नाचणे गावाकडे एका नव्या लेआऊटमधे दोन डबे होते. घरं पाठीला पाठ लावून, मधे फक्त चिऱ्याचा गडगा, एकीकडच्या फोडणीचा वास दुसरीकडे येतोय. आणि गाडीने? परत मेन रोडला येऊन पुढच्या फाट्याने आत, पावणेदोन किलोमीटर! रात्री नकाशा मोठा करून मोजतच बसलो. तिठे-चौक आणि रस्ता संपतो ती टोकं मिळून १४, त्यांना जोडणारे रस्त्याचे तुकडे १३. एकने कमी म्हणजे नुसतं झाड, फांद्याच फांद्या, फिरून दुसरीकडून यायला वाटच नाही. चौकोनी जाळीसारखं मोठं शहर असेल तर एका चौकामागे जवळजवळ २ तुकडे पडतात. खालच्या आळीत आमच्या बाजूला पाखाड्या धरून मोजलं तर ११ चौक-टोकांना १५ तुकडे, म्हणजे फिरून यायला वाटा आहेत, म्हणून गणपतीत एक वाट मांडवाने अडली तरी डबा वेळेवर पोचतो.

गाव वाढतंय तसे रस्ते वाढतायत, पण जो तो आपल्या प्लॉटपुरता रस्ता काढतो आणि शेजारच्या गडग्याला नेऊन थांबवतो, मग सगळ्या गाड्या त्या एकाच मेन रोडवर. तिथे झाड पडलं तर ॲम्ब्युलन्स कुठून आत नेणार? लेआऊट पास करतानाच पलीकडे जोडणारा रस्ता मागायला हवा, निदान एक पाखाडी तरी. जागा घेणाऱ्यांनी आधी नकाशात हे बघाच.

कमी काय, तर लाइव्ह ट्रॅफिक नाही. दुकान वगैरे ॲपमधूनच टाकता येतं पण रस्ता नाही, त्यासाठी ओपनस्ट्रीटमॅपच्या साइटवर अकाउंट लागतं. मी उघडलं, घरामागची पाखाडी टाकली, नंतरच्या नकाशा अपडेटला ती माझ्या फोनमधे आली आणि आईला पण दाखवली. ५ पैकी साडेचार.